चांदपाशाचा फवारा

लातुरात कूलर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही. आधी चष्मा काढतं, डोळे मिटून घेतं आणि चालू कूलरपुढे तोंड करून उभं राहतं. तोंडावर बारीक फवारा आला, की कूलर चांगला. नाही आला, तर वारा कितीही गार असो, तो नुसता पंखा. कंपनीच्या कूलरसोबत जी चोपडी येते, तिच्यात म्हणे लिहिलेलं असतं, की पाणी बाहेर उडणं हा दोष आहे. असेल. पण चोपडी लिहिणाऱ्याने गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात ऐन एप्रिलात दुकान मांडून दाखवावं.

चांदपाशाने मांडलं होतं. त्याचे वडील पत्र्याच्या पेट्या आणि पिंपं करायचे. पेट्या लग्नांतून गेल्या, पिंपं प्लास्टिकची झाली, तेव्हा चांदपाशाने तोच पत्रा, तीच कात्री आणि तीच लाकडी मोगरी घेऊन कूलर करायला घेतले. त्याच्या कूलरचा पत्रा जाड असायचा, टाकी गळायची नाही, पण नाव झालं ते फवाऱ्यामुळे. गवतावर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हाळीची भोकं जरा मोठी पाडायची, जाळीत गवत थोडं पातळ भरायचं आणि पंखा बोटभर मागे, गवताकडे सरकवायचा. एवढीच विद्या. या विद्येवर घर उभं राहिलं, दोन लेकरं शिकली, आणि औशाहून-मुरुडहून आलेली माणसं चौकात उतरून विचारायला लागली, "ते फवाऱ्यावाले चांदपाशा कुठं बसतेत हो?"

ही विद्या पोराला द्यावी, असं त्याच्या मनात होतं. पोराच्या मनात नव्हतं. वकारने कम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि औसा रोडला, जिथे क्लासेसची गर्दी आहे तिथे, लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकलं. गल्लीत जागा होती, घरचं दुकान होतं. पण तिथे पत्र्याचा आवाज येतो, म्हणाला. एकदा चांदपाशा त्याचा डबा घेऊन गेला होता. आत एक गिऱ्हाईक विचारत होतं, "वडील काय करतात तुमचे?" वकार म्हणाला, "कूलिंगमध्ये आहेत."

चांदपाशा आयुष्यभर पत्र्यात होता. पोराने त्याला एका शब्दात उचलून कूलिंगमध्ये नेऊन बसवलं. तो डबा काउंटरवर ठेवून आल्या पावली परत फिरला. घरी बायकोला म्हणाला, "रजिया, मी कूलिंगमध्ये हाय म्हणे."

"मग चूल पण तिकडंच मांडा," रजिया म्हणाली.

जिक्रा मात्र बापाची होती. लहानपणी ती दुकानात कापलेल्या पत्र्याच्या चिंध्या गोळा करत बसायची. आता तिला डॉक्टर व्हायचं होतं. लातुरात राहून डॉक्टर व्हायची इच्छा धरणं यात नवीन काही नाही. इथे बाहेरगावची पोरं त्यासाठी खोल्या भाड्याने घेऊन राहतात. नीटच्या पहिल्या परीक्षेत जिक्राचा नंबर थोडक्यात हुकला. तेव्हा तिनेच बापाला सांगितलं, "अब्बा, एकच वर्ष अजून. झालं तर झालं. न्हाई तर मी गप नर्सिंगला जाते, पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही."

तिच्या तोंडून शब्द तसेही कमीच निघत. म्हणून चांदपाशाने हे बोलणं मनावर घेतलं आणि खालची खोली तिला दिली. घरात समोरासमोर दोन खिडक्या असलेली खोली ती एकच. आणि कूलरचं सगळं इंगित तिथेच असतं: एका खिडकीतून गार वारा आत यायला हवा, तर समोरून गरम वारा बाहेर पडायला वाट हवी. वाट नसेल तर खोलीचा हमामखाना होतो. चांदपाशाने एका खिडकीला आपल्या हातचा सगळ्यात मोठा कूलर बसवला, समोरची उघडी ठेवली, मधे टेबल मांडलं. वर गच्चीवर पत्र्याची खोली होती, ती वकारची. वकार रात्री झोपण्यापुरता घरी.

जिक्राची एकच तक्रार होती. "अब्बा, फवारा जरा बंद करता येतो का? पानं फुगून राहिलीत. अन् हे बघा, पुस्तकावर पांढरं बसतंय."

खरंच, जीवशास्त्राच्या पुस्तकावर पिठाचा हात लागावा तसे पांढरे ठिपके होते. चांदपाशाने बोटाने पुसले आणि हसला. "अगं, लोक पैशे देऊन फवारा घेतेत. तुला फुकट भेटतोय तर नको झाला व्हय?"

जिक्राने पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घातली. विषय संपला.

हिवाळा सरून ऊन तापायला लागलं, त्याच सुमारास वकारच्या डोक्यात ते मशीन शिरलं. दुकानात येणाऱ्या कुणीतरी त्याला मोबाइलवर दाखवलं होतं: कम्प्युटरला चार-सहा ग्राफिक कार्डं जोडायची, तो रात्रंदिवस गणितं सोडवत बसतो, आणि त्याबद्दल इंटरनेटवर नाणं जमा होतं. माइनिंग म्हणतात त्याला. वकार हे घरी सांगत होता तेव्हा रजिया भाकरी थापत होती.

"आपली पोरगी पण रात्रंदिवस गणितंच सोडवते," ती म्हणाली. "तिला कोण देतंय नाणं?"

"अम्मी, तुम्हाला नाही कळायचं."

"ते तर झालंच."

चांदपाशालाही कळलं नव्हतं. पण पुढचं वाक्य कळलं. वकार त्याच्याकडे वळून म्हणाला, "अब्बा, यात सगळा खेळ गरमीचा हाय. कार्ड तापलं की काम कमी करतं, लई तापलं की जळतं. ते थंड कसं ठेवायचं, ते तुम्ही सांगा."

पोराने त्याला काही विचारावं, असा प्रसंग कित्येक वर्षांत आला नव्हता. चांदपाशाने तोंडातला घास आधी नीट गिळला. मग म्हणाला, "बघावं लागंल."

असं म्हणणारा माणूस आधीच हो म्हणून बसलेला असतो.

नवी कार्डं बाजारात मिळत नव्हती. मिळाली तर भाव ऐकून दुकानाबाहेर यावं लागायचं. नांदेडला रामकिशन नावाचा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाला होता. त्याच्या स्टुडिओत एडिटिंगचे कम्प्युटर होते, ते तो मोडीत काढत होता. वकार म्हणाला, "चला अब्बा, तुम्ही पण." चांदपाशाने इस्त्रीचा सदरा घातला. ऐन सीझनच्या तोंडाशी दुकानाला कुलूप लावून तो एसटीत पोराशेजारी जाऊन बसला. लोह्याला गाडी थांबली तेव्हा वकारने स्वतः उतरून त्याच्यासाठी चहा आणि भजी आणली. पुढे नांदेडपर्यंत वकार बोलत होता आणि चांदपाशा ऐकत होता. त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. पण पोरगं कानाशी बोलत होतं, हे काही डोक्यावरून जाण्यासारखं नव्हतं.

रामकिशनने टेबलावर चादर अंथरून कार्डं मांडली. वकारने बोटाने एकेका कार्डाचा पंखा फिरवला, जोडायच्या पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या, कम्प्युटरला लावून चालू केली. चांदपाशाने आपल्या पद्धतीने पाहिलं. मोटर जळालेली आहे का हे कूलरवाला नाकाने ओळखतो. गुंडाळीला जळका वास येतो. त्याने एक कार्ड उचललं आणि हुंगलं. दुसरं हुंगलं. तिसरं हुंगलं.

"काय म्हणतंय नाक, चाचा?" रामकिशनने विचारलं.

"सगळ्याला उदबत्तीचा वास हाय."

"सकाळीच लावली. धंदा कुठं हाय आता, उदबत्तीच लावायची."

तिघंही हसले. हा हसण्याचा प्रसंग चांदपाशाने नंतर बरेच दिवस पुरवून पुरवून वापरला.

कार्डं दोन जातीची होती. एक जात थंड चालायची, वीज कमी खायची, पण कमवायची बेताचं. दुसरी जात दणकट; जास्त कमवायची आणि तव्यासारखी तापायची. व्हिडिओत सगळे सांगत होते, की आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहिली जात घ्या. रामकिशनही तेच म्हणाला, "लातूरचं ऊन हाय भाऊ. थंडवाली घ्या. मी विकणारा असून सांगून राहिलो."

वकारने जरा विचार केला. मग दुसऱ्या जातीच्या ढिगावर हात ठेवला. "हीच द्या. थंड ठेवायला आमचे अब्बा हायत की."

चांदपाशाने मान वळवली. भिंतीवर कुण्या नवरदेवाचा मोठा फोटो होता, तो बघत उभा राहिला. पण त्या क्षणी पोराने घरातली कोणतीही खोली मागितली असती, तरी त्याने दिली असती. पोराने परतीच्या गाडीत एकच मागितली.

"खालची खोली लागंल अब्बा. बाकी कुठं हवाच खेळत न्हाई. नायतर मग सेकंडहँड एसी बघतो. वरच्या खोलीत एसी लावला तरी भागंल."

आता इथे लक्ष द्यायला हवं, कारण चांदपाशाने पुढे रात्रंदिवस यावरच डोकं आपटलं. पोराने दुसरा रस्ता दाखवला होता. वर एसी लागला असता, तर जिक्रा खाली राहिली असती. पण एसी! गल्लीत ज्याच्या-त्याच्या भिंतीला ते पांढरं खोकं लागत चाललं होतं आणि तेवढं एकेक गिऱ्हाईक कमी होत होतं. फवाऱ्यावाल्या चांदपाशाच्या घराला एसी लावायचा म्हणजे हलवायाने शेजाऱ्याकडून मिठाई मागवायची.

"माझ्या घरात एसी येणार न्हाई," चांदपाशा म्हणाला. "खालची खोली घे."

"मग जिक्रा?"

"वर जाईल थोडे दिवस. तू मशीनपाशी झोप. तिला मी दुसरा कूलर करून देतो की. बाप कोणाचा हाय मी?"

वकारच्या अंगावर यातलं काही टाकता येत नाही. त्याने विचारलं होतं.

जिक्राने एकदाच पाहिलं. बापाकडे नाही, खिडकीतल्या कूलरकडे. मग पुस्तकं उचलली आणि वर गेली. जिना चढताना प्लास्टिकच्या कव्हरांचा आवाज होत होता.

चांदपाशाने मशीनसाठी लोखंडी अँगलची चौकट केली. स्वयंपाकघरात मांडणी असते तशी, वर कार्डांची रांग, खाली बाकीचा संसार. शेजारचे आनंदराज, महावितरणातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, वायरिंग करायला आले. त्यांनी जाड वायर ओढली, वेगळा बोर्ड बसवला आणि मागे सरून चौकटीकडे पाहिलं.

"चांदपाशा, हे तर तू नवरदेवासारखं सजवलंस. हळद कधी लावतो?"

"थट्टा करा, करा. पोरगं नाव काढंल."

"काढंल रे. पण पोरगी कुठाय? परवा गच्चीवर दिसली. डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन पाठ करत होती. त्या पत्र्याखाली तर मांजर पण बसत न्हाई दुपारचं."

"तिचा कूलर चालूच हाय करणं. या जुम्म्याला बसवतो."

त्याने जुना कूलर मोडून नवाच केला होता मशीनसाठी. पोराने 'जास्तीत जास्त गार' म्हटलं होतं, म्हणून चांदपाशाने आपली सारी विद्या त्यात ओतली. भोकं आणखी मोठी. गवत आणखी पातळ. पंखा मागे. खोलीच्या दारात उभं राहिलं तरी तोंडावर फवारा यायचा. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात फवाऱ्याचा कूलर. वकारने मशीन चालू केलं, स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा बघितला आणि ओरडलाच, "अब्बा! ऐंशीच्या घरात चालतात लोकांची. आपलं पन्नाशीत आलं!"

त्या आकड्यापुढे बापलेक दोघेही आंधळे झाले. वकारला वाटलं, कूलरचं अब्बांना कळतं. चांदपाशाला वाटलं, मशीनचं पोराला कळतं. कूलर आणि मशीन यांच्यामध्ये जी हातभर हवा होती, तिचं कोणाला कळतं, हे कुणी विचारलं नाही. वकारने कूलरचा व्हिडिओ काढून आपल्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मेड बाय अब्बा.' चांदपाशाने तो व्हिडिओ मशिदीच्या पायऱ्यांवर बसून भेटेल त्याला दाखवला. लोकांना व्हिडिओत एक कूलर दिसायचा. चांदपाशाला त्यात आपलं पोरगं दिसायचं.

उन्हाळा चढत गेला. मशीनला झोप नाही, त्यामुळे कूलरला झोप नाही, त्यामुळे पाण्याला धर नाही. लातुरात नळ हा पाहुण्यासारखा येतो: आला की सगळं घर उठून उभं, गेला की पुन्हा कधी ते विचारायचं नाही. बाकी सगळी भिस्त बोअरवर, आणि मे महिन्यात बोअर धापा टाकायला लागला होता. घरात एकच कूलर भागत होता. दुसरा कूलर करून ठेवला असता, तरी त्यात ओतायला काय होतं? शिवाय वरच्या खोलीला खिडकी एक. वारा बाहेर जायला वाट नाही. हे चांदपाशाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जुम्मे येत होते, जात होते, आणि तो जिक्राला 'या जुम्म्याला' म्हणत होता.

एकदा दुपारी ती खाली आली ती नाकाला दुपट्टा दाबून. घोळणा फुटला होता. रजियाने तिला डोकं वर करायला लावलं, टाळूवर पाणी थापटलं आणि तशाच ओल्या हाताने नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"अजी, पोरीला पत्र्याखाली घातलं अन् लोखंडाला वाऱ्यात बसवलं. शुद्धीत हाव ना तुम्ही?"

"थोडेच दिवस राहिले आता. मशीन मधीच बंद केलं तर वकारचं नुकसान हाय."

"अन् तिचं?"

चांदपाशा म्हणाला, "तिचं डोकं हुशार हाय. तिला कूलरची गरज न्हाई."

कौतुक करायला म्हणून तो हे बोलला होता. नाक दाबून बसलेल्या जिक्राने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "अब्बा, माझी खोली परत कधी मिळणार?" तो म्हणाला, "परीक्षेच्या आधी देतो. शप्पथ." तिने मान डोलावली. पुन्हा विचारलं नाही. न विचारणाऱ्या माणसाची एक सोय असते, की त्याला दिलेला शब्द आपल्याला अडवत नाही.

जूनमध्ये हवा ओलसर झाली. ओल्या हवेत कूलर काम करत नाही, नुसता दमटपणा वाढवतो. हेही चांदपाशाला माहीत होतं. आकडा वर चढायला लागला. वकार म्हणाला, "अब्बा, करा ना काहीतरी." चांदपाशाने पंखा अजून मागे सरकवला. फवारा वाढला. आकडा जरा उतरला. बापलेकांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली.

मग एक कार्ड गेलं. वकारला वाटलं, जुनं होतं. दुसरं गेलं तेव्हा त्याने शिव्या रामकिशनला दिल्या. तिसरं गेलं तेव्हा मशीन बंद केलं, कार्ड खोललं आणि खिडकीशी नेऊन पाहिलं. पंख्याच्या पात्यांवर, धातूच्या पट्ट्यांमध्ये, चिपांच्या बारीक बारीक पायांच्या मधे पांढरा थर बसला होता. चहाच्या जुन्या पातेल्यात बसतो तसा.

"अब्बा, हे काय हाय?"

चांदपाशाने नखाने खरवडलं. "क्षार. बोअरचं पाणी जड हाय ना आपलं. फवाऱ्यासंगं उडतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कूलरच्या टाकीला धरतोच की तो. दर वर्षी खरवडतो मी."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तू म्हणला गार पाहिजे. फवारा चालत न्हाई, हे तू कुठं म्हणला?"

"अब्बा, विजेच्या मशीनवर पाणी मारायचं नसतं, हे पण सांगावं लागतं का? फवारा ठेवलाच कशाला?"

चांदपाशाला प्रश्नच कळला नाही. फवारा ठेवलाच कशाला? "अरे, फवाऱ्याशिवाय कूलर असतो का?"

वकार त्याच्याकडे बघत राहिला. बोळातली बाकीची पोरं आपापल्या बापांकडे बघतात तसा. मग कार्ड टेबलावर ठेवत हळूच म्हणाला, "एसी घ्यायला पाहिजे होता."

ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दुकानात निघून गेला. चांदपाशा तिथेच स्टुलावर बसला आणि त्याच्या डोळ्यांसमोर जीवशास्त्राचं पुस्तक आलं. पांढरे ठिपके. 'पुस्तकावर पांढरं बसतंय, अब्बा.' घरात एका माणसाने ते वेळेवर पाहिलं होतं आणि वेळेवर सांगितलं होतं. त्याच माणसाला चांदपाशाने पुस्तकांना प्लास्टिकचं कव्हर घालायला लावलं आणि वर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून लिंबूसत आणलं. कूलरची टाकी त्याने साफ होते. एकेक कार्ड घेऊन तो दात घासायच्या ब्रशने दुपारभर घासत बसला. कार्डं नव्यासारखी चमकायला लागली. चालू एकही झालं नाही. आनंदराज बोर्डाची वायर सोडवायला आले होते, त्यांनीही या वेळी थट्टा केली नाही. माणसं थट्टा करायची थांबतात, तेव्हा काय समजायचं ते चांदपाशाला समजलं.

त्याच संध्याकाळी त्याने चौकट काढली, फरशी पुसली, टेबल होतं तिथे मांडलं आणि जिक्राला हाक मारली. त्या वर्षी नीट जुलैत होती, परीक्षेला थोडेच दिवस राहिले होते. "बघ, दिली का न्हाई खोली? परीक्षेच्या आधी म्हणलो होतो."

जिक्रा दारातूनच म्हणाली, "राहू द्या अब्बा. आता इथं बसलं की मला त्या मशीनचा आवाज येतो." आणि वर गेली.

नीट झाली. निकाल आला. या वेळी थोडक्यातही हुकलं नव्हतं. चांगलंच हुकलं होतं. पेपर सोडवताना डोकं दगड झालं होतं, एवढंच ती अम्मीला म्हणाली. बापापाशी तिने आपला शब्द पाळला: तोंडातून काही काढलं नाही. नांदेडला नर्सिंगचा फॉर्म भरला आणि बॅग भरली. त्याच सप्टेंबरात, ज्या नाण्यासाठी हे सगळं केलं होतं, त्या इथेरियमवाल्यांनी ग्राफिक कार्डावर नाणं काढायची पद्धतच बंद करून टाकली. म्हणजे कार्डं मेली नसती, तरी मशीन थांबलंच असतं. वकारने हे जेवताना सांगितलं, बापाचं मन हलकं व्हावं म्हणून. चांदपाशाचं मन हलकं झालं नाही. आधी निदान पोराचं काही भलं व्हावं म्हणून पोरीचं वर्ष गेलं, असं म्हणता येत होतं. आता तेही गेलं.

वकार पुन्हा गिऱ्हाइकांना 'कूलिंगमध्ये आहेत' सांगू लागला. नंतर नंतर 'घरीच असतात' म्हणायला लागला.

पुढचा मार्च आला. चांदपाशाने दुकानाचा सीझन सुरू करण्याआधी एक कूलर केला. लहान. गवत दाट भरलं, भोकं सुईएवढी पाडली, पंखा पार पुढे घेतला. चालू करून त्याच्यापुढे कोरा कागद धरला, बराच वेळ धरला. एक थेंब नाही. फवारा नसलेला कूलर करायला त्याला फार जड गेलं. हात सवयीने पंख्याला मागे ढकलायचे आणि तो पुन्हा पुढे आणायचा. मग एक छोटा हत्ती टेम्पो ठरवला, कूलर मागे बांधला आणि ड्रायव्हरशेजारी बसून नांदेडला निघाला. लोह्याला गाडी थांबली, पण तो उतरला नाही.

मुलींच्या होस्टेलची देखभाल पार्वतम्मा नावाची देगलूरकडची बाई बघायची. तिने जिक्राला बोलावलं. जिक्रा पांढऱ्या गणवेशात खाली आली. वाळली होती, पण चालणं भरभर झालं होतं.

"अब्बा, हे कशाला आणलं एवढं?"

"तुझ्यासाठी केलाय. यातून थेंब उडत न्हाई. पुस्तक खराब न्हाई व्हायचं. कागद धरून बघितलाय मी."

जिक्राने वाकून कूलर पाहिला. पन्हाळीला बोट लावलं, गवत दाबलं, पंखा कुठे बसवलाय ते पाहिलं. तिला सगळं कळत होतं. ही विद्या त्याने तिला कधीच शिकवली नव्हती.

"चांगला झालाय," ती म्हणाली. "पण खोलीत नाही लावता यायचा, अब्बा. खिडकी एकच हाय. हवा जायला वाट न्हाई." मग म्हणाली, "अन् मला आता सवय झाली. उकाड्यातच झोप येते."

"दुसरी खोली मागू का? मी बोलतो ना मावशींशी..."

"अब्बा," ती म्हणाली, "ड्युटी हाय मला." त्याच्या सदऱ्यावर गवताची काडी अडकली होती, ती तिने काढून टाकली आणि निघून गेली.

चांदपाशा कूलरवर हात ठेवून उभा राहिला. परत न्यावा तर छोटा हत्तीवाला माल उतरवून केव्हाच गेला होता.

"इथं पॅसेजमधी ठेवा की," पार्वतम्मा म्हणाली. "मी बसते ना दिवसभर इथं." तिने बाटल्यांनी पाणी आणून टाकी भरली, प्लग लावला, बटण दाबलं. मग चष्मा काढला, डोळे मिटून घेतले आणि कूलरपुढे तोंड करून उभी राहिली. जरा वेळाने एक डोळा उघडला.

"अय्यो, फवारा येत न्हाई की हो."

"न्हाई येत."

"मग काय उपयोग?"

चांदपाशाने जिन्याकडे पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. त्याने प्लग काढला, खिशातून पाना काढला, पॅसेजच्या फरशीवर मांडी घालून बसला आणि पंखा बोटभर मागे सरकवला.